टबवाले ब्युइक

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी एक पराक्रम केला. आजोबांनी लिलावात घेतलेला बिडाचा जुना बाथटब परसात पडून होता. पांढरा रंग आणला, दोन हात मारले, आईची शाबासकी मिळवली. आठवड्याभरात सगळे पापुद्रे निघाले! टबावरच्या गुळगुळीत इनॅमलला रंग धरणार तरी कसा? मग पॉलिश पेपरने घासून, धुऊन, सुकवून इपॉक्सी रंग लावला. तो टिकला.

हे मूळचं इनॅमल बिडावर बसवलं कोणी, हे शोधताना भेटले डेव्हिड डनबार ब्युइक. हो, ब्युइक मोटारवालेच!

जन्म १८५४ चा, स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथचा. दोन वर्षांचे असताना घरचे अमेरिकेत डेट्रॉइटला आले. वडील लवकर गेले. पंधराव्या वर्षी शाळा सोडून ते नळसामानाच्या कारखान्यात लागले आणि १८८२ मध्ये एका मित्राबरोबर तोच धंदा चालवायला घेतला. बिडाच्या टबावर इनॅमल पक्कं बसवायची पद्धत त्यांच्या नावावर आहे. इनॅमल म्हणजे काचच. तिची पूड लाल तापलेल्या बिडावर वितळून चिकटते, पण थंड होताना दोघं सारखी आकसली नाहीत तर तडे जातात. खरी मेख तिथेच.

धंदा जोरात असताना साहेबांचं मन पेट्रोल इंजिनात अडकलं. कंपनी एक लाख डॉलरला विकली, पैसा प्रयोगांत गेला. १९०३ मध्ये ब्युइक मोटार कंपनी निघाली. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर असलेलं तिचं इंजिन गाजलं, पण कर्ज चढलं, सूत्रं विल्यम ड्युरंट यांच्याकडे गेली आणि १९०६ मध्ये ब्युइक बाहेर पडले. १९०८ मध्ये त्याच कंपनीच्या पायावर जनरल मोटर्स उभी राहिली! इकडे ब्युइकनी तेलात, जमिनीत हात घातला, सगळीकडे बुडाले. म्हातारपणी डेट्रॉइटच्या एका ट्रेड स्कूलमध्ये नोकरी. घरी फोन नाही, आपल्याच नावाची गाडी परवडत नाही. १९२९ मध्ये ते वारले.

वाचून चर्र झालं. एक काम जमलं की लगेच दुसऱ्याच्या मागे पळायची खोड मलाही आहे; माझ्या दोन केटी त्याच्याच. बिडावर काच टिकवणाऱ्या माणसाला हाती आलेलं मात्र टिकवता आलं नाही.

टबात आता आजीने कमळ लावलंय. आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट मी अजून बदललेला नाही!