शंभर म्हणजे कशाचे शंभर? – एडवर्ड टर्नर यांची जीवनकथा



चौथीच्या वर्गात 'संख्यांचा उपयोग' शिकवताना मी मुलांना घरातले आकडे शोधून आणायला सांगितले होते. कुणी गॅस सिलिंडरवरचा आणला, कुणी बसचा. गॅरेजवाल्याच्या मुलाने बाबांच्या गाडीचा इंजिन नंबर वहीत उतरवून आणला. मी विचारलं, यातला कुठला आकडा काय सांगतो? त्याला सांगता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मग घरी बसून शोधायला लागले आणि एका माणसापाशी येऊन थांबले. त्याच्या गाड्यांवरचे आकडे आजही जुन्या मोटारसायकलींचे शौकीन भिंग लावून वाचतात. तो माणूस म्हणजे एडवर्ड टर्नर.

जन्म आणि सुरुवात

टर्नर यांचा जन्म २४ जानेवारी १९०१ रोजी लंडनमध्ये झाला. महाराणी व्हिक्टोरिया नुकत्याच वारल्या होत्या, आणि नवे राजे एडवर्ड सातवे यांच्या नावाची द्वाही त्याच दिवशी फिरली. बाळाचं नावही एडवर्डच ठेवलं गेलं. तरुणपणी त्यांनी व्यापारी जहाजावर बिनतारी संदेशांचं काम केलं. परत आल्यावर लंडनच्या पेकहॅम भागात मोटारसायकलींचं छोटं दुकान टाकलं. दुकान सांभाळता सांभाळता त्यांनी स्वतःचं इंजिन कागदावर काढलं आणि १९२७ पर्यंत एक अख्खी मोटारसायकलही उभी केली.

पुढे चार सिलिंडर चौकोनात बसवायची एक कल्पना घेऊन ते फिरू लागले. ती एरियल कंपनीच्या जॅक सँगस्टर यांना पटली आणि १९३० च्या लंडन प्रदर्शनात 'स्क्वेअर फोर' लोकांसमोर आली. १९३६ मध्ये सँगस्टर यांनी कॉव्हेंट्री शहरातली ट्रायम्फची मोटारसायकल कंपनी विकत घेतली आणि कारभार टर्नर यांच्या हाती सोपवला.

आकड्यांची भाषा

१९३७ मध्ये टर्नर यांनी 'स्पीड ट्विन' आणली. दोन सिलिंडर शेजारी-शेजारी, आणि दोन्ही पिस्टन एकदमच वर-खाली होणारे. बांधणी इतकी आटोपशीर की लांबून एकाच सिलिंडरची गाडी वाटावी. ही रचना नंतर इतर ब्रिटिश कंपन्यांनीही उचलली. या गाडीची खूण होती '५टी'. ५ म्हणजे पाचशे सीसी आणि टी म्हणजे ट्विन, जुळं. पुढे साडेतीनशे सीसीची '३टी' आली, साडेसहाशेची '६टी' आली. इथपर्यंत सोपं आहे, हो ना?

आता गंमत बघा. १९३९ मध्ये 'टायगर १००' आली, तिची खूण 'टी१००'. इथे शंभर म्हणजे सीसी नव्हे. इंजिन पाचशेचंच होतं. हे शंभर होते ताशी मैल, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर वेग! 'टी११०' आणि १९५९ ची प्रसिद्ध 'बॉनव्हिल', म्हणजे 'टी१२०', याच पद्धतीच्या. रस्त्यावरची प्रत्येक गाडी तो वेग गाठेलच असं नव्हे, पण आकडा वेगाचाच होता. आणि मग छोट्या 'टेरियर'ची खूण 'टी१५', 'टायगर कब'ची 'टी२०'. ही काही पंधरा-वीस मैलांनी रखडणारी गाडी नव्हे. इथे पुन्हा सीसी आले, दीडशे आणि दोनशे!

म्हणजे अक्षर तेच, पण आकडा कधी आकारमान सांगतो, कधी वेग. नुसता आकडा वाचून भागत नाही, तो कशाचा आहे हे माहीत हवं.

या खुणा इंजिनाच्या डाव्या बाजूला, सिलिंडरच्या खाली ठोकलेल्या असतात. आधी प्रकार, मग अनुक्रमांक. पुढच्या काळात इंजिनावर आणि चेसीवर एकच क्रमांक ठोकू लागले. टर्नर निवृत्त झाल्यावर, १९६९ च्या हंगामापासून, क्रमांकाआधी दोन अक्षरं आली. पहिलं महिन्याचं, दुसरं वर्षाचं. आज साध्या गाडीवर 'टी१२०' ठोकून ती महागात विकणारे लोक आहेत. म्हणून जाणकार आधी ठोकलेली अक्षरं सरळ आहेत का, तिथला धातू घासलेला आहे का, चेसीचा नंबर जुळतो का, हे बघतात आणि मगच रंग-चकाकीकडे वळतात.

आकड्यामागचा माणूस

टर्नर यांचं आयुष्य सुखाचंच गेलं असं नाही. १९३९ मध्ये पत्नीचा मोटार अपघातात मृत्यू झाला. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्री होरपळली, त्यात कारखानाही गेला. १९४२ मध्ये जवळच्या मेरिडन गावी नवा कारखाना सुरू झाला.

स्वभावाने ते करारी आणि हेकट होते, असं म्हणतात. पण आकडा सिद्ध करायला ते मागे हटत नसत. १९४९ मध्ये तीन '६टी' गाड्या पॅरिसजवळच्या ट्रॅकवर नेल्या आणि त्या प्रत्येकी पाचशे मैल, ताशी नव्वद मैलांहून जास्त सरासरीने पळवून दाखवल्या. १९५३ मध्ये तर बावन्न वर्षांचे टर्नर स्वतःच दोन सहकाऱ्यांसह छोट्या टेरियरवर बसले आणि ब्रिटनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सुमारे हजार मैल गेले.

१९६० मध्ये ते जपानला गेले. तिथले कारखाने, तिथली यंत्रं आणि ब्रिटनच्या कित्येक पट उत्पादन त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. परत येऊन आपल्या लोकांना न आवडणारे आकडे त्यांनी लिहून दिले. पण ब्रिटिश उद्योगाची चाल बदलली नाही. १९६४ मध्ये ते निवृत्त झाले आणि १५ ऑगस्ट १९७३ रोजी वारले. त्यानंतर महिन्याभरातच मेरिडनचा कारखाना बंद करण्याची घोषणा झाली आणि कामगारांनी तो ताब्यात घेतला. कसाबसा दहा वर्षं चालून १९८३ मध्ये तो बंद पडला. ट्रायम्फ हे नाव मात्र नव्या मालकाकडे जगलं. आज ट्रायम्फची 'स्पीड ४००' आपल्या पुण्याजवळ, चाकणला बनते. आणि हो, तिच्यातले ४०० म्हणजे साधारण सीसीच!

वर्गात काय करता येईल?

मुलं उत्तर लिहितात, 'शंभर'. आपण लाल पेनाने विचारतो, शंभर काय? रुपये, ग्रॅम, मीटर? एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापला की पालक कधी कधी नाराज होतात. अशा वेळी 'टी१००' आणि 'टी२०' ची गोष्ट सांगा.

एक उपक्रमही घ्या. घरच्या गाडीचा इंजिन नंबर आणि चेसी नंबर मोठ्यांच्या मदतीने शोधून आरसी बुकाशी जुळवून बघायला सांगा. गाडी बंद आणि इंजिन थंड असतानाच, बरं का. नंबर वहीत उतरवून आणायची गरज नाही, जुळला की नाही एवढंच सांगायचं.

त्या मुलाने घरी जाऊन नंबर जुळवला. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाला की जुळतोय. आता त्याच्या वहीत प्रत्येक उत्तरापुढे एकक असतं.