डॉ. कमला सोहोनी : प्रयोगशाळा, संसार आणि ग्राहकसेवा

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप सेक्रेटरीसाहेबांनी दोनदा पाठवला तेव्हा विषय काय घ्यावा हा प्रश्न पडला. आपल्या सोसायटीचा इतिहास इतर मंडळी लिहिणारच आहेत. त्याच सुमारास दुधाच्या पिशव्यांवरून आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बराच वाद झाला. दूध पातळ येतं, तक्रार कुणाकडे करायची, कोण करणार, वगैरे. त्यावरून मला डॉ. कमला सोहोनी आठवल्या. आपल्यापैकी अनेकांना दुर्गाबाई भागवत माहीत असतात, पण त्यांच्या या धाकट्या बहिणीचं नाव फारसं कुणी घेत नाही. म्हणून हा छोटासा परिचय.

कमलाबाई मूळच्या भागवत. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा संस्थेत शिकलेले. घरात विज्ञानाचं वातावरण, त्यामुळे आपणही त्याच संस्थेत जायचं हे मुलीने मनाशी ठरवलेलं. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायन आणि पदार्थविज्ञान घेऊन त्या बी.एस्सी. झाल्या आणि बंगळूरला अर्ज केला.

तिथे संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल पारितोषिक मिळून तीनच वर्षं झालेली, देशभर नाव. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे. वडील आणि काकांनी शब्द टाकून पाहिला, उपयोग झाला नाही. गांधीजींच्या सत्याग्रहाचा तो काळ. कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या आणि लेखी कारण दिल्याशिवाय हलणार नाही, असं म्हणून संचालकांच्या कार्यालयात ठाण मांडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं, मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, अगदी रात्रीसुद्धा काम करायचं, आणि आपल्या असण्याने मुलांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही. तिसरी अट वाचून आजच्या मुली हसतील. पण ती अट मान्य करून रोज प्रयोगशाळेत जाणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीला काय वाटलं असेल, याचा विचार करावा. उतारवयातही त्यांनी ही सल लपवून ठेवली नाही. रामन यांच्या विद्वत्तेबद्दल आदर ठेवून, त्यांची ही वागणूक अन्यायाची होती हे त्या स्पष्टपणे सांगत.

तिथे श्रीनिवासय्या हे गुरू लाभले. दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर कमलाबाईंनी काम केलं. वर्ष संपलं तेव्हा रामन यांचं समाधान झालं आणि त्यानंतर संस्थेचा दरवाजा इतर मुलींनाही उघडला. हा दरवाजा उघडणं मला त्यांच्या पदवीइतकंच मोठं वाटतं.

१९३६ साली एम.एस्सी. झाल्यावर शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते नोबेलविजेते हॉपकिन्स. आधी डॉ. रिक्टर आणि मग रॉबिन हिल यांच्या हाताखाली काम करताना बटाट्यापासून सुरुवात करून त्यांनी दाखवलं की ‘सायटोक्रोम सी’ हा द्रव्यघटक वनस्पतींच्या पेशींमध्ये असतो. पेशींच्या श्वसनक्रियेत त्याचं काम महत्त्वाचं. प्रबंध अवघा चाळीस पानांचा! १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात.

परदेशात राहणं शक्य होतं, पण त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या, नंतर दक्षिणेत कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहाय्यक संचालक. १९४७ साली त्यांचा विवाह श्री. एम. व्ही. सोहोनी यांच्याशी झाला. ते ॲक्च्युअरी, म्हणजे विम्याचं गणित मांडणारे. आम्हा बँकवाल्यांना या मंडळींबद्दल नेहमीच दबदबा! लग्नानंतर कमलाबाई मुंबईत आल्या आणि काळा घोड्याजवळच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. दोन मुलगे, घर, विद्यार्थी आणि संशोधन, असं सगळं एकाच वेळी चालू होतं.

त्यांच्या संशोधनाचे विषय बघा. नीरा, डाळी, कडधान्यं, तांदळाचं पीठ. गरिबाच्या ताटात काय पडतं आणि त्यातलं अंगी किती लागतं, हाच प्रश्न. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे घटक असतात, ते शिजवल्याने कमी होतात. आपल्या आज्या मटकी भिजवून, मोड आणून, शिजवून उसळ करत, त्यामागचं हे शास्त्र त्यांच्या प्रयोगशाळेत तपासलं जात होतं. नीरेवरचं काम तर राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतलेलं. आदिवासी मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना नीरा दिल्याने प्रकृतीत सुधारणा होते, असं त्यातून दिसलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरेच्या दूध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला.

एवढं असूनही संस्थेचं संचालकपद त्यांना वेळेवर मिळालं नाही. हक्क असताना काही वर्षं ते लांबलं. अखेर मिळालं आणि १९६९ मध्ये त्या संचालक म्हणूनच निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर आपण काय करतो? सकाळी फिरणं, पेपर, नातवंडं. कमलाबाईंनी ग्राहकांचं काम अंगावर घेतलं. १९६६ साली मुंबईत काही महिलांनी पुढाकार घेऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली होती. ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये, म्हणजे त्याच्या वीस वर्षं आधी! भेसळ, खोटी वजनं, फसव्या वस्तू यांविरुद्ध ही संस्था काम करी. कमलाबाई तिच्या कार्यकर्त्या होत्या, १९८२-८३ साली अध्यक्ष झाल्या आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. केंब्रिजची पीएच.डी. असलेली बाई डाळ-तेलाच्या भेसळीबद्दल सोप्या भाषेत लिहिते, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

१९९८ मध्ये दिल्लीला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्यांना भोवळ आली आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचं निधन झालं. सत्कार झाला, पण फार उशिरा झाला.

आता एक कबुली द्यायची आहे. मी शाखेत अधिकारी असताना एका जबाबदारीच्या जागेसाठी नाव सुचवायचं होतं. आमच्याकडे एक अतिशय हुशार भगिनी होत्या, कामात चोख. पण घरी लहान मूल, रात्री उशीर होईल, त्यांना झेपणार नाही, असं मीच मनाशी ठरवून दुसरं नाव पाठवलं. त्यांना विचारलंसुद्धा नाही. त्यांनी कधी तक्रार केली नाही, त्यामुळे आपण चांगलंच केलं असं मला बरीच वर्षं वाटत राहिलं. कमलाबाईंची हकीकत वाचली तेव्हा लक्षात आलं की रामनसाहेबांच्या आणि माझ्या वागण्यात फरक फक्त एवढाच, की त्यांनी तोंडावर नकार दिला आणि मी न विचारता.

आपल्या कमिटीत महिलांसाठी जागा राखीव असतात. त्या आपण भरतोही, बहुतेक वेळा सहीपुरत्या. पुढच्या निवडणुकीत खजिनदार, सेक्रेटरी या कामांसाठी आपल्या भगिनींना आधी विचारू या. झेपेल की नाही ते त्यांनाच ठरवू दे. आणि दुधाची तक्रार कोण करणार, याचं उत्तरही कदाचित तिथेच मिळेल.