शंकर आबाजी भिसे

शंकर आबाजी भिसे (२९ एप्रिल १८६७, मुंबई – ७ एप्रिल १९३५, न्यूयॉर्क) हे मराठी संशोधक व यंत्ररचनाकार होते. त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० च्या आसपास पेटंटे असल्याचे सांगितले जाते. ते 'भारतीय एडिसन' म्हणून ओळखले जात.

जीवन

भिसे यांना बालपणापासून यंत्रांची ओढ होती. मुंबईत त्यांनी विज्ञानप्रेमींचे मंडळ स्थापन केले. किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्यासाठी लंडनच्या एका नियतकालिकाने घेतलेली स्पर्धा त्यांनी जिंकली. पुढे ते इंग्लंडला गेले. तेथे त्यांना दादाभाई नौरोजी यांचे साहाय्य लाभले.

मुद्रणयंत्र व पेटंट

छपाईचे सुटे खिळे वेगाने ओतणारे 'भिसोटाइप' हे त्यांचे प्रमुख यंत्र होय. या क्षेत्रात लायनोटाइप व मोनोटाइप ही यंत्रे आधीच प्रचलित होती. अशा वेळी केवळ नवेपणा पुरेसा ठरत नाही. ज्ञात भागांची केलेली जुळणी त्या धंद्यातील कुशल कारागिराला सहज सुचण्याजोगी असेल, तर तिला शोध मानले जात नाही. दाराची मूठ धातू वा लाकडाऐवजी चिनीमातीची करणे हा शोध नव्हे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५१ मध्ये दिला होता. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातही ही कसोटी आहे. तिच्या आधारे अर्ज नाकारला गेल्यास अपील करता येते.

भांडवलाचा प्रश्न

पेटंट मिळाले तरी यंत्र बाजारात येतेच असे नाही. त्या काळी ब्रिटिश पेटंटाची मुदत १४ वर्षांची होती. भांडवल मिळविण्यात गेलेला काळ त्याच मुदतीतून वजा होई. भिसे यांना ही अडचण वारंवार आली. भांडवलाअभावी भिसोटाइपचे काम रखडले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामुळे त्यांचा सर रतन टाटा यांच्याशी परिचय झाला. १९१० मध्ये टाटांच्या अर्थसाहाय्याने 'टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट' स्थापन झाले, परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात तेही बंद पडले.

अखेरची वर्षे

१९१६ मध्ये भिसे अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी खिळे ओतण्याच्या यंत्रावरील काम पुढे चालू ठेवले आणि आयोडीनयुक्त औषधही तयार केले. डिसेंबर १९३० मध्ये त्यांची थॉमस एडिसन यांच्याशी भेट झाली. न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.