अनसूयाबाई काळे

आज विधानसभेत स्त्रिया निवडून जातात, प्रश्न विचारतात, मंत्रिपदेही भूषवितात. त्याचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वी अशी स्थिती नव्हती. कायदे करणाऱ्या सभागृहात स्त्रीने बसावे, ही कल्पनाच पुष्कळांना विचित्र वाटे. अशा काळात ज्या थोड्या स्त्रियांनी त्या सभागृहाचा उंबरठा ओलांडला, त्यांत अनसूयाबाई काळे यांची गणना होते.

अनसूयाबाईंचा जन्म १८९६ साली बेळगाव येथे भाटे कुटुंबात झाला. मुलींना फार शिकवू नये, असे मानण्याचा तो काळ होता. तरी त्यांचे शिक्षण थांबले नाही. पुण्याच्या हुजूरपागा शाळेत आणि पुढे पुणे व बडोदे येथील महाविद्यालयांत त्यांनी अध्ययन केले. १९१६ साली पुरुषोत्तम बाळकृष्ण काळे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि नागपूर ही त्यांची कर्मभूमी ठरली. तेथे स्त्रियांना संघटित करण्याच्या कार्यास त्यांनी स्वतःला वाहून घेतले.

नागपूर ही त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांताची राजधानी होती. प्रांताच्या कायदे कौन्सिलात काही सभासद मतदारांनी निवडलेले, तर काही सरकारने नेमलेले असत. १९२८ साली सरकारने अनसूयाबाईंची कौन्सिलावर नेमणूक केली. हा मोठाच मान होता. पण दोनच वर्षांत त्यांच्या परीक्षेचा प्रसंग आला. १९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह आरंभिला आणि सरकारने त्यांना कैद केले. ज्या सरकारने देशाच्या नेत्याला तुरुंगात टाकले, त्याच सरकारने दिलेल्या आसनावर बसावे काय? अनसूयाबाईंनी आपल्या सभासदत्वाचा राजीनामा दिला. त्या चळवळीत सामील झाल्या आणि त्यांनी कारावास पत्करला.

पुढे १९३५ च्या कायद्याने प्रांतांना अधिक अधिकार मिळाले. १९३७ साली निवडणुका झाल्या. मध्यप्रांताच्या विधानसभेत एकूण ११२ जागा होत्या. त्यांपैकी स्त्रियांसाठी राखलेल्या जागा अवघ्या तीन! या सभागृहात काँग्रेसला बहुमत लाभले. अनसूयाबाई या वेळी नेमणुकीने नव्हे, तर लोकांच्या मतांनी सभागृहात आल्या आणि विधानसभेच्या उपाध्यक्षा झाल्या. अध्यक्षस्थानी घनश्यामसिंह गुप्त होते. अध्यक्ष उपस्थित नसतील, तेव्हा सभेचे नियंत्रण उपाध्यक्षाने करावयाचे असते. त्या आसनावर आपला पक्ष आणि परका पक्ष असा भेद चालत नाही. ज्या सभागृहात स्त्रीचा प्रवेशही दुर्मिळ होता, तेथे हे जबाबदारीचे पद एका स्त्रीकडे आले, ही गोष्ट सामान्य नव्हती.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. हिंदी जनतेला न विचारता सरकारने देशाला युद्धात ओढले. त्याचा निषेध म्हणून प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले.

सभागृहाचे कार्य थांबले, तरी अनसूयाबाईंचे लोककार्य थांबले नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये चांदा जिल्ह्यातील चिमूर व वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे मोठा उठाव झाला. गोळीबारात माणसे मेली, तसेच जमावाच्या हातून सरकारी माणसेही मारली गेली. नंतर सरकारने कठोर दडपशाही आरंभिली. अनेकांवर खटले चालून त्यांना फाशीची शिक्षा झाली. त्या लोकांचे प्राण वाचावेत म्हणून ज्यांनी अविरत खटपट केली, त्यांत अनसूयाबाई होत्या. अखेर १९४५ साली उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलण्यात आल्या. त्या घरांतील माता, पत्नी व मुले यांना तेव्हा काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपदही अनसूयाबाईंनी भूषविले. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली आणि पुन्हा १९५७ साली नागपूरच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर निवडून दिले. लोकसभेच्या सभासद असतानाच १९५८ साली त्यांचे निधन झाले.

पद मिळविण्यासाठी धडपडणारे पुष्कळ असतात. अनसूयाबाईंना पदे मिळाली. परंतु कर्तव्याची हाक येताच हातचे पद सोडण्याचे धैर्यही त्यांनी दाखविले. म्हणूनच लोकांनी त्यांना पुनः पुन्हा मोठ्या विश्वासाने सभागृहात पाठविले.