कुलाब्याचे मूस आणि कांगड्याचा हादरा

पुण्याहून अलिबागला सुटीसाठी जाणारे समुद्राकडे वळतात, तेव्हा किनाऱ्याजवळच्या चुंबकीय वेधशाळेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती ज्यांच्या कारकिर्दीत उभी राहिली ते नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस यांचे शिक्षण पुण्यात झाले होते. हिमालयातील भूकंपांच्या अभ्यासातही त्यांचा एक वाटा आहे, पण त्याची आठवण क्वचितच निघते.

मूस यांचा जन्म १८५९ मध्ये मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून, म्हणजे आजच्या ‘सीओईपी’तून, ते स्थापत्य शाखेची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढे एडिंबरा येथे विज्ञानाची पदवी घेऊन परतले. काही काळ एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवल्यावर १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेची सूत्रे त्यांच्या हाती आली. या वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. पुणेकरांना ही जागा अगदीच परकी नव्हती. केरूनाना छत्रे ऐन तारुण्यात इथेच नोकरीला होते.

मूस रुजू झाल्यावर वर्षभरातच, १२ जून १८९७ रोजी, आसाम हादरला. शिलाँग उद्ध्वस्त झाले. भारतीय भूविज्ञान सर्वेक्षण विभागाच्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्या भूकंपाचा जो अभ्यास केला तो जगभर गाजला. पण लाटांच्या नोंदींसाठी त्यांना युरोपातील यंत्रांवर विसंबावे लागले. लांबचा भूकंप टिपणारे यंत्र तेव्हा भारतात नव्हतेच. ही उणीव लगेच भरून काढली गेली. १८९८ मध्ये कुलाब्याला आणि कलकत्त्याच्या अलीपूरला जॉन मिल्न यांच्या बनावटीची भूकंपमापक यंत्रे बसली, पाठोपाठ कोडाईकनाललाही बसली.

यंत्र तसे साधेच होते. आडवा झुलणारा एक हलका दांडा, त्याच्या टोकावरून जाणारा प्रकाश आणि खाली संथपणे सरकणारा फोटोचा कागद. जमीन हलली की रेघ रुंदावे. एक दोष मात्र मोठा होता. दांड्याचे झुलणे आवरण्याची सोय नव्हती, त्यामुळे एकदा हलला की तो बराच वेळ हलतच राही आणि बारीक तपशील पुसले जात. तरीही जगभर एकाच बनावटीची यंत्रे असल्याने नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येत. त्या मिल्न यांच्याकडे इंग्लंडच्या वाइट बेटावर जमा होत. कागद बदलायचा, घड्याळ अचूक ठेवायचे, हे काम कंटाळवाणे खरे, पण वेळ चुकली तर रेघेला किंमत उरत नाही.

याच सुमारास मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणण्याचे घाटत होते. विजेच्या प्रवाहाने चुंबकसुई हलते, म्हणजे कुलाब्याला दशकानुदशके चाललेली पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी निकामी होणार होती. मूस यांनी ट्रामच्या आवाक्याबाहेरची जागा निवडली, कुलाब्यापासून सुमारे ३० किलोमीटरवरचे अलिबाग. तिथे पोरबंदरी दगडात, लोखंड टाळून इमारती बांधल्या गेल्या आणि १९०४ मध्ये काम सुरू झाले. जुनी मोजणी त्यांनी लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या मालिकेला नवी बिनचूक जोडता यावी. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली.

ही दुहेरी धावपळ चालू असतानाच, ४ एप्रिल १९०५ रोजी, आजच्या घड्याळाने सकाळी ६.२० वाजता कांगडा खोरे हादरले. कांगडा, धरमशाला, पालमपूर जमीनदोस्त झाली. सुमारे २० हजार माणसे गेली, त्यांतील कित्येक अजून अंथरुणातच होती. कांगडा ते मुंबई अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. तिथून निघालेल्या पहिल्या लाटेला कुलाब्याखाली पोहोचायला तीन-सव्वातीन मिनिटे पुरतात. दुसऱ्या प्रकारची, सावकाश चालणारी लाट आणखी अडीच मिनिटांनी येते. या दोन लाटांमधल्या अंतरावरूनच भूकंप किती लांब झाला ते कळते.

तो का झाला, हे मात्र मूस यांच्या काळात कोणालाच माहीत नव्हते. भूपट्टांचा सिद्धान्त १९६० च्या दशकातला. ज्या भूपट्टावर पुणे वसले आहे तो वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयाखाली घुसतो. भूखंडाचे कवच हलके, ते समुद्रतळासारखे सहज खोल बुडत नाही. त्याचे वरचे थर खरवडले जातात, एकावर एक चढतात, आणि डोंगर उंचावतात. दरवर्षीच्या सरकण्यापैकी सुमारे २ सेंटिमीटर हिमालयातच सामावते. पण ते सुरळीत होत नाही. हिमालयाच्या दक्षिण भागाखाली, १०-२० किलोमीटरपर्यंतच्या खोलीवर, दोन्ही बाजूंचे खडक शतकानुशतके अडकून बसतात. ताण साठतो आणि मग काही मीटरचे सरकणे एका झटक्यात होते. कांगड्यात तेच झाले, २०१५ मध्ये नेपाळमध्येही.

मूस यांनी १९१० मध्ये १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या चुंबकीय नोंदींचे दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले. आज त्यांचे नाव घेतले जाते ते मुख्यतः या खंडांमुळे. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

कांगड्याच्या भूकंपाची तीव्रता पुढे बराच काळ ८ च्या वर मानली गेली. डेहराडूनलाही त्या दिवशी हानी झाली होती, त्यामुळे कांगड्यापासून तिथपर्यंतचा सगळा पट्टा एकदमच सुटला, असा समज रूढ झाला. मिल्न यंत्रांच्या जुन्या नोंदी २००० च्या सुमारास पुन्हा मोजल्या गेल्या आणि आकडा ७.८ वर आला. डेहराडूनची हानी बहुधा थोड्याच वेळाने, जास्त खोलीवर झालेल्या वेगळ्या भूकंपाची असावी, असेही पुढच्या अभ्यासात दिसले. म्हणजे १९०५ मध्ये कांगड्याखालचा तुकडा तेवढा सरकला. त्याच्या आग्नेयेला, डेहराडूनकडच्या भागात, साठलेला ताण तेव्हा मोकळा झाला नव्हता.