कॅप्टन जेकब आणि त्यांची पाच फुटी दुर्बीण

सन १८४२ मध्ये पुण्यात मुंबई इंजिनिअर्समधील एका तरुण अधिकाऱ्याने स्वतःची लहानशी वेधशाळा थाटली. विल्यम स्टीफन जेकब हे त्यांचे नाव. सिंधमधील जेकबाबाद ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते जनरल जॉन जेकब त्यांचे वडील बंधू. धाकट्यांच्या नावाचे गाव नाही; त्यांची आठवण ज्योतिर्विद ठेवतात.

त्यांचे वडील इंग्लंडात सॉमरसेट परगण्यातील वूलाव्हिंग्टन गावचे पाळक होते. तेथील पाळकगृहातच विल्यम यांचा १९ नोव्हेंबर १८१३ रोजी जन्म झाला. कंपनी सरकारच्या सैनिकी विद्यालयात शिकून १८३१ मध्ये ते मुंबईस आले व जमीनमोजणीच्या कामावर लागले. दिवसा जमीन मोजणाऱ्यास रात्री आकाश मोजण्याचा नाद लागावा यात नवल ते काय!

दुर्बीण डॉलंड यांच्या कारखान्याची, पाच फुटी. आजचे हौशी लोक गच्चीवर मांडतात तशांतलीच म्हणा ना. जेकब यांनी तिला झेपेल असेच काम निवडले : जोडतारे. नुसत्या डोळ्यांना एक दिसणारे कित्येक तारे वस्तुतः दोन असून एकमेकांभोवती फिरतात. दोहोंमधील अंतर व दिशा वर्षानुवर्षे टिपून ठेवली की त्यांची कक्षा मांडता येते. या कामाला मोठ्या भिंगापेक्षा निवळ हवा आणि चिकाटी अधिक लागते. शिवाय पुण्याहून दक्षिणेचे असे तारे दिसतात, जे इंग्लंडात कधी उगवतच नाहीत. त्यांतल्या 'मित्र' या जोडताऱ्याची कक्षा त्यांनी गणिताने काढली. आपल्या जुनी इंदूरहून तो क्षितिजावर जेमतेम सहा अंश चढतो, म्हणजे घरांच्या आडच राहतो. पण वृश्चिक रास मात्र येथून छान दिसते. मे महिन्याच्या रात्री शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांना अनुराधा नक्षत्रातील सर्वांत उत्तरेकडचा तारा दाखवावा. त्याच्या लगत पूर्वेला एक मंद तारा आहे. शहरातील दिव्यांमुळे डोळे ताणावे लागतील. त्याचे नाव न्यू. तो दुहेरी नसून तिहेरी आहे, हे जेकब यांनी १८४७ मध्ये ओळखले. आज तेथे किमान सात तारे मोजले गेले आहेत.

कॅप्टनचा हुद्दा मिळताच त्यांनी नोकरी सोडली. १८४८ मध्ये पुण्यात पाहिलेल्या २४४ जोडताऱ्यांची यादी त्यांनी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीस सादर केली, आणि त्याच डिसेंबरात मद्रास वेधशाळेचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले.

मद्रासेत त्यांनी जुन्या यादीतील ३१७ तारे पुन्हा तपासले आणि त्यांना चिकटवलेल्या मोठमोठ्या गती खऱ्या नाहीत असे दाखवले. इतरांच्या चुका अशा काटेकोरपणे काढणाऱ्या याच माणसाच्या हातून १८५५ मध्ये एक चूक झाली. भुजंगधारी राशीतील सत्तर क्रमांकाच्या जोडताऱ्याची चाल गणिताशी जुळेना, तेव्हा तेथे न दिसणारा ग्रह असण्याचा फार संभव आहे, असे त्यांनी प्रसिद्ध केले. परक्या सूर्याला ग्रह असल्याचा वेधांच्या आधारे केलेला हा अगदी पहिल्या दाव्यांपैकी एक. पुढे तो टिकला नाही. असे ग्रह खात्रीने सापडू लागले ते १९९० नंतर. चरित्रकारांनी हा प्रसंग लपवू नये असे मला वाटते. अनुमान फसले, पण प्रश्न योग्य होता, आणि ग्रह शोधण्याची ती रीतही पुढे उपयोगी पडली.

मद्रासची हवा त्यांना मानवली नाही. प्रकृती ढासळल्याने ते मायदेशी परतले. तरी १८ जुलै १८६० चे खग्रास ग्रहण पाहण्यास ते स्पेनला गेलेच! मनात मात्र पुणेच होते. तेथील पाच हजार फूट उंच डोंगरावर, धुळीच्या व दमट हवेच्या वर, वेधशाळा उभारायची. पार्लमेंटने १८६२ मध्ये त्यासाठी एक हजार पौंड मंजूर केले. नऊ इंची भिंगाची दुर्बीण जेकब यांनी पदरच्या पैशाने घेतली आणि तीन वर्षे तेथे काम करण्याचे पत्करले.

८ ऑगस्ट १८६२ रोजी ते मुंबई बंदरात उतरले. १६ ऑगस्टला, पुण्यास पोहोचताच, त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीस. मागे पत्नी एलिझाबेथ, सहा मुलगे व दोन मुली होत्या. डोंगरावरची ती वेधशाळा उभी राहिली नाही.