संत बहिणाबाई आणि कोल्हापूरचे कीर्तन

गडहिंग्लज येथे श्री काळभैरवाच्या दर्शनास येणारे अनेक भाविक कोल्हापूरला श्री महालक्ष्मीच्या चरणीही जातात. याच करवीर क्षेत्री, सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी, एका अकरा वर्षांच्या मुलीला भक्तीचा मार्ग सापडला. त्या मुलीचे नाव संत बहिणाबाई. (खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी या त्यांच्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी झाल्या.)

बहिणाबाईंचा जन्म सन १६२८ मध्ये वेरूळच्या परिसरातील देवगाव येथे आऊजी कुलकर्णी व जानकीबाई यांच्या पोटी झाला. शिऊरचे गंगाधर पाठक या वेदपाठी बिजवराशी त्यांचा विवाह बालपणीच झाला. पुढे कर्ज व भाऊबंदकी यांमुळे सर्व कुटुंबास गाव सोडावे लागले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर अशी भ्रमंती करीत ते कोल्हापुरास आले व बहिरंभट यांच्या घरी राहिले.

तेथे यजमानांनी गंगाधरपंतांस एक कपिला गाय दिली. तिचे वासरू बहिणाबाईंना क्षणभरही सोडीत नसे. त्या वेळी रामदास पंचायतनातील जयरामस्वामी वडगावकर यांची कीर्तने कोल्हापुरात होत होती. बहिणाबाई कीर्तनास निघाल्या की वासरूही मागोमाग येई. एके दिवशी मोठी दाटी झाली आणि लोकांनी वासरास मारून बाहेर काढले. बाहेर वासरू हंबरत होते, आत बहिणाबाई रडत होत्या. हे कळताच स्वामींनी वासरास सन्मानाने आत आणविले आणि त्या दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला. मान्यवरांच्या त्या सभेत ज्यांना कोणी मोजत नव्हते, अशा एका मुक्या जिवाला व एका लहान मुलीला थोर कीर्तनकाराने स्वतः जागा करून दिली.

पतीस मात्र हे मानवले नाही. त्यांनी बहिणाबाईंना बेदम मारले, बांधून ठेवले. गाय व वासरू यांनी चारा सोडला आणि काही दिवसांत वासराने प्राण सोडला. शोकमग्न बहिणाबाईंना त्यानंतर स्वप्नात तुकोबारायांनी अनुग्रह दिला. ब्राह्मण स्त्रीने वाणी संतास गुरू मानावे, याचा पतीला संताप आला. पण एका कठीण दुखण्यानंतर त्यांचे मन पालटले व ते कुटुंबासह देहूस गेले. तेथेही मंबाजीने त्यांचा छळ केला.

स्त्रीदेहामुळे वेद ऐकण्याचा अधिकार नाही, ही खंत बहिणाबाईंनी आपल्या अभंगांत मांडली. तरीही त्यांनी संसार टाकला नाही आणि भक्तीही सोडली नाही. संस्कृत वज्रसूचीचा आशय मराठीत आणून, ब्राह्मणत्व जन्माने नव्हे तर ब्रह्मज्ञानाने येते, हा विचार त्यांनी सामान्यांपर्यंत पोहोचविला. त्यांचे आत्मचरित्रपर अभंग मराठीचा अमोल ठेवा आहेत. सन १७०० मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी शिऊर (ता. वैजापूर) येथे आहे.

सन १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्यानुसार स्त्रियांचा प्रवेशाचा हक्क राखणे हे शासनाचे कर्तव्य असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये स्पष्ट केले. कायद्याने दार उघडते; आत आल्यावर शेजारच्यास जागा करून देणे मात्र प्रत्येक भाविकाच्या हाती असते. दर्शनाच्या रांगेत उभे असताना माता-भगिनी, वृद्ध व बालके यांना सन्मानाने पुढे जाऊ द्यावे. जयरामस्वामींनी कोल्हापुरात घालून दिलेला हाच पाठ आहे.